उजेडाचा बंदोबस्त

"उजेड? उजेडाचं काय घेऊन बसलात! एकवीस वर्षं मी तराजूतला केसाएवढा फरक पकडतोय. मला खिडकीतला उजेड पकडता येणार नाही?"

सकाळी नऊ वाजता दारात उभ्या असलेल्या फोटोग्राफरला हे ऐकावं लागलं. ऐकवणारे गृहस्थ वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने वजनं पुसायला लागत. राग त्यांच्या नाकावरच असायचा, आणि नाक चांगलं ऐसपैस असल्यामुळे रागाची कधी गैरसोय झाली नाही.

फोटोग्राफर बिचारा दोन स्टँड, एक पांढरी छत्री आणि खांद्याला जडशी पिशवी घेऊन तीन जिने चढून आला होता. टेबलावरच्या किटलीकडे बघून तो एवढंच म्हणाला होता, "चकचकीत वस्तू अवघड असते, साहेब. तिच्यात अख्खी खोली दिसते. उजेड आवरायलाच तीन तास जातील."

"तीन तास! एका किटलीला! तुम्ही फोटो काढताय की तिचं लग्न लावताय?"

"मागच्या दोन वर्षांचे फोटो मॅडमनी दाखवले मला," फोटोग्राफर सहज म्हणाला. "कुणी काढले होते हो ते?"

झालं! ते फोटो निरीक्षकांनीच काढले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन मिनिटांत स्टँड, छत्री आणि पिशवी तीन जिने खाली उतरत होती, आणि त्यांच्या मागून निरीक्षकांचा आवाज उतरत होता.

आता त्या किटलीचं सांगायला हवं, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. निरीक्षकांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा. ती साडेतीनपर्यंत वाचनालयात नोकरी करायची आणि उरलेला दिवस मागच्या गॅलरीत चाकावर माती फिरवायची. मातीची भांडी घडवणाऱ्यांचं एक मोठं प्रदर्शन भरायचं. त्यात जागा मिळाली की माणसाचं नाव झालं म्हणून समजा. निवड मात्र व्हायची एका वस्तूच्या एका फोटोवरून. पहिल्या वर्षी उत्तर आलं, 'फोटोत वस्तू दिसत नाही.' दुसऱ्या वर्षी उत्तर आलं, 'वस्तू दिसते, पण दोन दिसतात.' यंदा तिने चार किटल्या भट्टीत घातल्या, तीन तडकल्या, एक वाचली. काळ्याभोर निळ्या रंगाची, गोल पोटाची, अशी चकाकती की तिच्यात बघून भांग पाडावा! फोटो पाठवायची शेवटची वेळ होती आज दुपारी चार.

म्हणून सकाळी आठला घरातून निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, तुमची आज सुट्टी आहे ना? नऊला फोटोग्राफर येईल. तुम्ही फक्त दार उघडा. बाकी काही करू नका. फक्त दार."

निरीक्षकांनी दार उघडलं होतं. नाही कोण म्हणतंय?

त्यांनी स्वतःचा जुना कॅमेरा काढला. कचेरीतला कॅमेरा चांगला होता, पण तो घरी आणणं म्हणजे गुन्हा, आणि गुन्हा म्हटला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्या कचेरीतल्या कॅमेऱ्याने त्यांनी आजवर शेकडो खोट्या वजनांचे फोटो काढले होते. वजन काय आणि किटली काय, दोन्ही टेबलावर गप्प बसतात. यात अवघड ते काय?

त्यांनी किटली पूर्वेच्या खिडकीत, भर उन्हात ठेवली आणि बटण दाबलं. फोटोत अर्धी किटली चुन्यासारखी पांढरी आली आणि अर्धी दिसेनाशी झाली.

"ऊन जास्त झालं," ते म्हणाले, आणि उन्हाकडे असं काही बघितलं, जणू त्याच्याकडे परवाना आहे की नाही तेच तपासतायत.

खिडकीला पांढरी चादर लावली. काय सांगावं! उजेड एकदम साईसारखा मऊ झाला. किटलीच्या पोटावरून तो असा हळुवार उतरायला लागला की निरीक्षकांनी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या बाजूला सावली गडद होती, तिथे पांढरा पुठ्ठा धरला. सावली सौम्य झाली. "तीन तास म्हणे! वीस मिनिटं लागली!"

फोटो बघितला. निळी किटली जांभळी दिसत होती.

चादर बाजूला करून बघतात तो काय, अरुंद गल्लीपलीकडे समोरच्या गॅलरीत शिलाईवाल्या बाईंनी एक लालभडक रजई वाळत घातलेली. सकाळचं ऊन तिच्यातून गाळून येत होतं आणि सगळा लाल रंग थेट निरीक्षकांच्या घरात येत होता.

"ओ बाई! रजई काढा ती!"

"का? वाळतेय ती!"

"ती माझ्या किटलीत येतेय!"

बाईंनी शिवणाचं मशीन थांबवलं आणि गॅलरीत आल्या. "काय म्हणालात? माझी रजई तुमच्या किटलीत? बरं आहे ना घरात सगळं?"

"लाल रंग येतोय इकडे! हे अतिक्रमण आहे!"

"मग रंगाला नोटीस पाठवा!" बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन एक पिवळी रजई आणून लालच्या शेजारी वाळत घातली. वर तिच्यावर दोन थापटे असे मारले की ते निरीक्षकांना गालावर बसल्यासारखे वाटले.

निरीक्षक पंधरा मिनिटं ओरडले. बाईंनी मशीन चालू केलं. मशीनचा आवाज मोठा होता.

शेवटी त्यांनी पूर्वेची खिडकी ब्लँकेटने पार बुजवून टाकली. उत्तरेला एक लहान खिडकी होती, तिच्यात ऊन येत नसे, नुसता उजेड यायचा आणि दिवसभर एकसारखा राहायचा. ती तेवढी ठेवली आणि चादर तिच्यावर लावली. बाकी जिथून जिथून उजेड येत होता तिथे तिथे त्याचा बंदोबस्त केला. स्वयंपाकघराच्या दाराला रेनकोट टांगला. न्हाणीघराच्या झरोक्यात उशी कोंबली. दाराच्या फटीत वर्तमानपत्र घातलं. फ्रिजवरचा हिरवा दिवासुद्धा त्यांनी चिकटपट्टी लावून विझवला. भर दुपारी घरात असा काळोख झाला की मुंगीलाही चाचपडत जावं लागलं असतं.

फोटो काढला. आता किटलीच्या पोटात बनियन घातलेला एक माणूस उभा दिसत होता, आणि त्याच्या मागे खुर्चीत एक म्हातारी वर्तमानपत्र वाचत होती.

"आई, तुम्ही जरा आत जाता का? तुम्ही किटलीत दिसताय."

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "जावईबापू, मी चौदा वर्षं याच खुर्चीत बसतेय. आजवर कुठल्या भांड्याने तक्रार केली नाही."

"पण अंधारात वाचताय काय तुम्ही?"

"वाचत कुठे आहे? धरून बसलेय."

सासूबाई हलणार नाहीत हे चौदा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. खुर्चीसकट त्यांना कोपऱ्यात ढकललं. त्यांची काळी शाल मागून घेऊन निरीक्षकांनी स्वतःच्या अंगावर ओढली, म्हणजे बनियन झाकली जाईल. पण चादर धड अडकेना. दर पाच मिनिटांनी ती सुटून पडायची, भपकन उजेड यायचा, आणि अंधाराला सरावलेल्या सासूबाई "अगं आई गं!" म्हणून डोळे झाकायच्या. तिसऱ्यांदा चादर पडली तेव्हा त्यांनी लेकीचा काळा चष्मा मागवून घेतला आणि डोळ्यांवर चढवला.

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर रोजच्यासारखे वर्तमानपत्र मागायला आले. दार उघडलं, लख्ख उजेड आत शिरला आणि हातातला फोटो वाया गेला.

"दार लावा!" निरीक्षक गरजले.

कंपाउंडरांनी घाबरून दार लावलं, मात्र स्वतः आत राहून. डोळे जरा सरावल्यावर त्यांना दिसलं की खिडक्या बुजवल्यात, आजी कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसल्यात आणि जावई शाल पांघरून काळजीने वाकून उभा आहे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"आजी, मोतीबिंदू का?"

"वय झालं की व्हायचाच," सासूबाई म्हणाल्या.

"कधीपासून हे?"

"सकाळपासून हे असंच चाललंय बघा."

"उजेड चालत नाही ना?"

"अजिबात नाही. जावईबापूंची सक्त ताकीद आहे."

यात एक शब्द खोटा होता का, तुम्हीच सांगा! सासूबाईंना गेल्या कित्येक वर्षांत कुणी इतक्या आपुलकीने चार प्रश्न विचारले नव्हते. त्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत राहिल्या. निरीक्षक टेबलाखाली वाकून पुठ्ठा टेकवत होते, त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नाही.

कंपाउंडर म्हणजे अर्धे डॉक्टर, आणि बातमी पोचवण्याच्या बाबतीत पूर्ण वर्तमानपत्र. अर्ध्या तासात साऱ्या इमारतीला कळलं की आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मग लोक यायला लागले. चांगली माणसं हो! कुणी सफरचंदं आणली, कुणी संत्री. प्रत्येकाने दार उघडलं, प्रत्येकाबरोबर भपकन उजेड आत आला, आणि प्रत्येक वेळी निरीक्षकांचा एकेक फोटो गेला.

"दार! दार! दार!"

"जावई फार जपतो हो तुमचा," एक आजी कुजबुजल्या.

"मला माझी काळजी नाहीये! म्हणजे त्यांची नाहीये! कुणाचंही ऑपरेशन झालेलं नाही!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. म्हातारी सासू काळा चष्मा लावून अंधारात बसलीय आणि हा माणूस म्हणतो ऑपरेशनच झालं नाही! कंपाउंडरांनी हळूच सगळ्यांना सांगितलं, "ताण येतो हो माणसावर. दुर्लक्ष करा."

निरीक्षकांनी डोक्याला हात लावला. राग इतका आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. उन्हावर काढून झाला होता, रजईवर काढून झाला होता. फोटोग्राफरवर तर सकाळीच काढला होता, आणि आता तो इथे असता तर बरं झालं असतं हा विचार मनात आल्यामुळे स्वतःचाही राग यायला लागला होता.

तेवढ्यात शिलाईवाल्या बाई आल्या. डोळ्यांत पाणी. हातात संत्री.

"साहेब, मला माफ करा हो! तुम्ही उजेड-उजेड करून ओरडत होतात आणि मला वाटलं डोकं फिरलंय तुमचं. मला काय ठाऊक आजींच्या डोळ्यांना त्रास होतोय म्हणून! काढल्या हो मी दोन्ही रजया!"

"आता काढून काय उपयोग? खिडकी बुजवली ना मी!"

"बघा, अजून रागच आहे," बाई सासूबाईंच्या पायाशी बसत म्हणाल्या.

साडेतीनला बायको परत आली. दार ढकललं तर घरात काळोख, काळोखात सात माणसं संत्री सोलतायत, मधोमध आई काळा चष्मा लावून दरबार भरवून बसलेली, आणि टेबलापाशी नवरा बनियनवर काळी शाल पांघरून उभा. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग किटलीकडे बघितलं. किटली शाबूत होती. तिने श्वास सोडला.

"फोटोग्राफर कुठंय?"

निरीक्षक चादर ताणायला लागले. सासूबाई बोलल्या, "सकाळीच हाकलला."

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, निरीक्षकांना ओरडण्याची सवय होती. ती त्यांच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "फक्त दार उघडा म्हटलं होतं मी. तीन वर्षं त्या गॅलरीत कंबर मोडेपर्यंत चाक फिरवतेय. तीन किटल्या तडकल्या तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, म्हटलं एक तर आहे. तुम्हाला माझ्यासाठी फोटो काढायचा नव्हताच. तुम्हाला त्या माणसाला हरवायचं होतं. मला इतका राग आलाय ना, की तुमच्याशी भांडायचीसुद्धा इच्छा नाही."

निरीक्षकांना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण लाज वाटली की काय करायचं असतं हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. राग आला की काय करायचं ते मात्र तोंडपाठ होतं.

"सगळे बाहेर!" ते गरजले. "एकूण एक! आई सोडून!"

माणसं बाहेर गेली. दार लागलं. चारला पंधरा मिनिटं होती. निरीक्षकांनी कॅमेरा स्टुलावर पुस्तकांच्या चळतीवर बसवला. चादर नीट ताणली. बायकोने किटलीची चोच खिडकीकडे जराशी वळवली, आणि त्या एवढ्याशा वळण्याने तिच्या कडेवरून उजेडाची बारीक रेघ वरपासून खालपर्यंत धावली. दोघांनीही ती पाहिली. सुरेख होती ती रेघ. चादर तेवढी सैल होती, म्हणून बायको ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पुठ्ठा धरायला निरीक्षकांना दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यांनी दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं बटण दाबलं आणि पळत जाऊन पुठ्ठा धरला.

दहा, नऊ, आठ, सात...

दार उघडलं. शिलाईवाल्या बाईंची पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला बाई आल्या, बाईंना सोबत म्हणून कंपाउंडर आले, आणि मागून एक आजी. उरलेली संत्री तिघांच्याही हातात होती.

निरीक्षक गर्रकन वळले. पुठ्ठा सुटला, शाल गळून पडली. दोन्ही हात वर गेले, तोंड घशापर्यंत उघडलं, आणि आजवरचा सगळ्यात मोठा आवाज त्यातून निघणार एवढ्यात—

क्लिक!

तीन वाजून चोपन्न मिनिटं झाली होती. बायकोने फोटो कॉम्प्युटरवर घातले. एक्केचाळीस होते. त्यातले चाळीस हललेले, जांभळे, नाहीतर पांढरेफटक. शेवटचा तेवढा स्पष्ट होता, कारण या खेपेला दारातल्या उजेडाने किटली सोडून माणसंच उजळली होती. चादरीतून आलेला उजेड साईसारखा, कडेची रेघ जिथल्या तिथे, किटली जिवंत वाटावी अशी. आणि तिच्या गोल पोटात, अगदी मधोमध, हात वर करून बोंबलणारा बनियनमधला एक माणूस, आणि त्याच्या मागून संत्री घेऊन येणारी तीन छोटी माणसं.

बायकोने तो तसाच पाठवून दिला. संध्याकाळी जेवायला तिने ताट वाढलं, पण पुढ्यात न ठेवता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. सहा दिवस निरीक्षकांचं ताट रोज तिथेच वाढलं गेलं.

सातव्या दिवशी फोन आला. निवड समितीच्या बाई होत्या. बायकोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण तिचे हात मातीने भरले होते.

"अभिनंदन! तुमची निवड झालीय! किटलीचा घाट तर उत्तमच, पण पोटावर काय रंगवलंय हो! तो चिडलेला माणूस! आणि मागे ती संत्री आणणारी मंडळी! असा राग आम्ही कुठल्याच भांड्यावर पाहिला नव्हता. प्रदर्शनात बारा किटल्या मांडाल ना? सगळ्यांवर तोच माणूस हवा हं!"

बायकोने निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षक खुर्चीतून ताडकन उठले होते. ती "हो, कळवते" म्हणाली आणि कोपराने फोन बंद केला.

"ही फसवणूक आहे!" निरीक्षक म्हणाले. "नमुना एक आणि माल दुसरा! यावर मी लोकांची दुकानं बंद केलीत! आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग की ते रंगवलेलं नाही. तो मी आहे!"

"सांगते," बायको म्हणाली. "मग चौथं वर्ष."

ती हात धुवायला उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. निरीक्षकांना तो बघवेना. तिच्या रागाला ते घाबरत नसत, पण हे भलतंच होतं. ते खोलीत इकडून तिकडे सात फेऱ्या मारून आले. एकवीस वर्षांत पाठ केलेला सगळा कायदा त्यांनी मनातल्या मनात उलटापालटा करून पाहिला. एकदम थांबले.

"थांब! फोन करू नकोस!"

"का?"

"माल नमुन्यासारखा असला तर गुन्हा होत नाही. माल अजून तयार व्हायचाय." त्यांनी किटलीच्या गोल पोटावर बोट ठेवलं. "तुला रंगवता येतं ना?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग सहा दिवसांत पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी निरीक्षक बनियन घालून स्टुलावर बसतात. दोन्ही हात वर, तोंड उघडं. समोर बायको कच्च्या किटलीवर कुंचल्याने त्यांना उतरवते. सासूबाई बाजूला बसून सूचना देतात. शिलाईवाल्या बाई, कंपाउंडर आणि त्या आजी तिघंही आनंदाने संत्री धरून मागे उभे राहायला येतात. पंचाईत एकच आहे. चार माणसं मन लावून आपलं चित्र काढायला मदत करतायत, बायको एकटक आपल्याकडे बघतेय, म्हटल्यावर निरीक्षकांना मनातून इतकं बरं वाटतं की राग काही केल्या येत नाही. ते खोटी वजनं आठवून बघतात, पिवळी रजई आठवून बघतात. छे! चेहरा आपला विरघळतच जातो.

"अहो," बायको कुंचला थांबवून ओरडते, "असं गरीब तोंड करू नका! ऑर्डर रागाची आहे!"